वरच्या माडीवर दोन कप : एका बडोदेकर कादंबरीमागचा इतिहास

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात रोज संध्याकाळी पाचला आजी दोन कप चहा घेऊन वरच्या माडीवर जायची. एक कप अण्णांचा, म्हणजे तिच्या थोरल्या दिरांचा. दुसरा त्यांच्या मित्रांचा. ते रोज यायचे, रविवारी जेवायला थांबायचे, दिवाळीच्या पहाटे त्यांच्याही अंगाला उटणं लागायचं. आम्ही मुलं त्यांना ‘वरचे काका’ म्हणायचो. आजी जिन्याच्या शेवटून दुसऱ्या पायरीवर थांबायची, हातातल्या बांगड्या जरा वाजवायची आणि मगच वर जायची. ती का थांबायची हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली.

त्या थांबण्यातून दोन पुरुषांच्या प्रेमाची माझी कादंबरी सुरू झाली. हस्तलिखित वाचलेल्या तिघाचौघांनी एकच प्रश्न विचारला: त्या काळी हे असं होतं? आणि तेही आपल्यात? म्हणून ही पार्श्वभूमी लिहिते आहे.

आधी ‘आपल्यात’ म्हणजे कुठे, ते सांगायला हवं. अठराव्या शतकात गायकवाडांबरोबर आलेली मराठी घराणी बडोद्यात पागा, दप्तर आणि कारकुनीत रुजली. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथे वस्ती झाली. पण मुलीच्या सोयरिकी पुण्या-सांगलीपासून इंदूर-ग्वाल्हेरपर्यंत जुळायच्या. माणसं मोजकी आणि नाती लांबवर पसरलेली. त्यामुळे एका घरातली कुजबुज लग्नसराईत तीन शहरं फिरून यायची. वरच्या माडीवरच्या माणसाबद्दल कुणी एक शब्द बोललं असतं, तर खालच्या मजल्यावरच्या पुतणीचं ठरत आलेलं लग्न मोडलं असतं. माझ्या मते बडोद्याच्या मराठी घरांतल्या मौनाचं खरं कारण हे आहे. कायदा त्यामानाने फार दूर होता.

कायदा होताच. भारतीय दंडविधान १८६० चं, अंमल १८६२ पासून, आणि त्यात कलम ३७७: ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संबंधांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा. बडोदे संस्थान १ मे १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं, १ मे १९६० ला गुजरात वेगळं झालं आणि बडोद्यातला मराठी माणूस भाषेने अल्पसंख्य झाला. माझ्या कादंबरीतला नायक या दोन तारखांच्या मधे तरुण होतो. त्याला ३७७ हा आकडा ठाऊकही नसावा. त्याला ठाऊक असतं ते ‘लोक काय म्हणतील’. घराबाहेर मात्र या कलमाने फार नुकसान केलं. त्याखाली शिक्षा झालेले थोडे, पण धमकी देऊन पैसे उकळायला ते कायम हाताशी होतं.

याच शहराचा दुसरा चेहराही विसरता येत नाही. महाराज सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं, १९३१ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा केला. देशभराच्या हिंदू विवाह कायद्याला १९५५ उजाडावं लागलं. १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून त्यांनी ग्रंथालयांचं जाळं उभारलं. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पुस्तकांच्या लोखंडी मांडण्यांच्या मजल्यांना काचेच्या जाड फरश्या आहेत, वरचा उजेड खालपर्यंत झिरपावा म्हणून. वर कुणी चाललं की खाली उभ्या माणसाला पावलांची पुसट सावली सरकताना दिसते. माझा नायक तिथे नोकरीला आहे. खालच्या मजल्यावर पुस्तकं लावताना वरची पावलं कुणाची हे तो चालण्यावरून ओळखतो. कादंबरीतलं पहिलं प्रेम एवढंच आहे, आणि ते मला त्या फरशीनेच सुचवलं.

त्याच्यापाशी या भावनेला शब्द नव्हता का? मराठीत निदान एक जागा होती. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत होते आणि वाचक त्यांना लैंगिक प्रश्न विचारत. १९३४ मध्ये अशाच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला ते हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला, तरी मासिक १९५३ मध्ये कर्वे जाईपर्यंत निघत राहिलं. वाचक विचारतो आहे तर त्याला शास्त्रीय उत्तर मिळालंच पाहिजे, ही भूमिका त्या काळात किती मोठी होती हे आज पुरेसं लक्षात येत नाही. माझा नायक या मासिकाला नाव न घालता एक प्रश्न लिहितो आणि टपालात टाकत नाही. घरच्यांना तो कागद पुढे ट्रंकेत सापडतो.

मग १९८१. हे वर्ष मी कादंबरीच्या मध्यावर ठेवलं आहे. त्या वर्षी विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ रंगमंचावर आलं आणि एका मुलीचं मुलीवरचं प्रेम मराठी प्रेक्षकासमोर उभं राहिलं. त्याच वर्षी बडोद्यात चित्रकार भूपेन खख्खर यांनी ‘यू कान्ट प्लीज ऑल’ रंगवलं. खख्खर मुंबईचे, शिक्षणाने चार्टर्ड अकाउंटंट, १९६२ मध्ये बडोद्याला आले ते इथलेच झाले. चित्रात गच्चीच्या कठड्याशी एक नग्न माणूस आपल्याकडे पाठ करून उभा आहे. खाली गावात बाप, मुलगा आणि गाढवाची गोष्ट चालली आहे, आपण शाळेत वाचली तीच. गाढवावर कुणीही बसो, लोक नावं ठेवणारच. खख्खरांनी आई गेल्यानंतर आपलं समलिंगी असणं चित्रांतून उघडपणे मांडायला सुरुवात केली. आई असेपर्यंत थांबणं हे मला कुठल्याही टीकेपेक्षा जास्त समजतं. २००३ मध्ये ते बडोद्यातच वारले. आमच्या घरापासून फार लांब नसलेल्या एका घरात हे चित्र तयार होत होतं, आणि आमच्याकडे बांगड्या वाजत होत्या.

पुढचं अनेकांना ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगते. २००६ मध्ये सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही समलिंगी प्रेमाबद्दलही बोलणारी कादंबरी आली. त्याच वर्षी राजपीपळ्याच्या राजघराण्यातले मानवेंद्रसिंह गोहिल आपण समलिंगी असल्याचं गुजराती दैनिकात उघडपणे बोलले आणि घरच्यांनी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन त्यांच्याशी संबंध तोडले. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने संमतीच्या संबंधांपुरतं ३७७ रद्द ठरवलं, ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ते परत आणलं. २०१८ च्या फेब्रुवारीत ९१ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरलं आणि त्याच वर्षी ६ सप्टेंबरला पाच न्यायाधीशांच्या पीठाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. लग्नाचा हक्क मात्र ऑक्टोबर २०२३ च्या निकालातही मिळाला नाही. कादंबरी मी २०१८ लाच थांबवली. अण्णा तोवर जाऊन बरीच वर्षं झाली होती. वरचे काका त्यांच्या मागून दीड वर्षात गेले.

आता जे लिहायला सगळ्यात जड गेलं, ते. अण्णांचं लग्न झालं होतं, हे मला त्यांच्या तेराव्यानंतर कळलं. ग्वाल्हेरची मुलगी होती. दोन वर्षं राहिली, माहेरी गेली आणि परत आली नाही. संस्थानाने घटस्फोटाचा कायदा केला होता, पुढे देशाचाही आला, पण कारण तोंडाने सांगायची सोय तिला कुणी ठेवली नव्हती. ‘मुलगी नांदली नाही’ एवढंच दोन्हीकडे बोललं गेलं आणि दोष तिच्या पदरात पडला. अण्णा आणि काका यांच्यावर अन्याय झाला हे मी ठामपणे म्हणते, पण त्यांना निदान माडी होती, एकमेकांची सोबत होती, वेळेवर चहा होता. तिला काय मिळालं? या प्रकारच्या गोष्टी लिहिताना बायकोला चार ओळींत बाजूला सारणं मला पटत नाही. म्हणून कादंबरीचा शेवटचा तिसरा भाग ग्वाल्हेरात, तिच्या तोंडून आहे. त्यातलं बहुतेक सगळं मी रचलेलं आहे, कारण आमच्या घरात तिचा एकही फोटो ठेवला गेला नाही.

एक वस्तू तेवढी राहिली. लहानपणी मला भांड्यांवर घातलेली नावं वाचायचा नाद होता. दूध तापवायच्या पितळी पातेल्यावर एक नाव होतं, जे आमच्या घरात कुणाचंच नव्हतं. पुढे आमचं आडनाव, खाली लग्नाची तारीख. आजीला विचारलं तर ती म्हणाली, “भांडेवाल्यानं चुकून घातलं असेल गं,” आणि पातेलं माझ्या हातातून घेऊन पालथं घातलं. आजी ते दर दोन महिन्यांनी आठवणीने कल्हईला द्यायची. आईनेही दिलं. मागच्या वर्षी मी कल्हईवाला शोधायला मांडवीपर्यंत गेले, तेव्हा त्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, बाहेरून घासून नाव काढून टाकू का. मी त्याला नको म्हटलं.