माज, रग आणि ओली वाळू : मोटार शर्यतीतल्या एका वादाची पार्श्वभूमी

अलिबागपासून खाली मुरुडपर्यंतच्या पट्ट्यात पुळणीवर बैलगाड्यांची शर्यत लागली की आधी वाट बघायची ती ओहोटीची. पाणी मागे सरलं की खालची ओली वाळू घट्ट बसते, चाक रुतत नाही. उधाणाच्या दिवसांत पाणी लांबवर जातं, मैदान रुंद मिळतं. भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी लहान असते तेव्हा, तेवढी चैन नाही. या रिकाम्या तासाभरात जगातला कुठलाही विषय निघतो. यंदा निघाला तो फॉर्म्युला वनचा. पुण्याला नोकरी करणारा, सुट्टीत गावी आलेला एक मुलगा मोबाईलवर व्हर्स्टापेन या ड्रायव्हरची क्लिप दाखवत म्हणाला, "माज असल्याशिवाय इथं कोण जिंकत नाय, काका." ज्यांना म्हणाला ते जुने गाडीवान कासऱ्याची गाठ तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "माज बैलाला असूदे रे. गाडीवानाला आला की गाडी पाण्यात."

दोघांच्या बोलण्यात शब्द एकच होता, आणि तो मुळातच जनावराचा. म्हैस माजावर येते. मस्तीही आधी हत्तीची, मग माणसाची. पण आपल्याकडे रग म्हणून आणखी एक शब्द आहे. रग अंगात असते आणि ती जिरवायची असते. माज चढतो आणि तो उतरवावा लागतो. शर्यतीच्या ड्रायव्हरला उर्मटपणा हवाच का, हा वाद फार जुना आहे, आणि त्यात या दोन गोष्टींची गल्लत कायम होत आली आहे.

मोटारींच्या शर्यतीचं बाळपणही पुळणीवरच गेलं, हे इथे सांगायला बरं वाटतं. अमेरिकेत फ्लोरिडातल्या ऑर्मंड आणि डेटोनाच्या किनाऱ्यावर १९०३ पासून गाड्या पळू लागल्या. कारण आपलंच: ओहोटीची कडक, सपाट, मैलोन्‌मैल वाळू. वेल्समधल्या पेंडाइनच्या वाळूवर माल्कम कॅम्पबेलने १९२४ मध्ये ताशी सुमारे २३५ किलोमीटरचा विक्रम केला. पुढे पॅरी-थॉमस आणि कॅम्पबेल यांच्यात चढाओढ लागली. मार्च १९२७ मध्ये विक्रम परत मिळवायला निघालेला पॅरी-थॉमस त्याच वाळूवर मेला. त्याची गाडी तिथेच पुरून टाकली. ती १९६९ मध्ये उकरून काढण्यात आली. त्याच मार्चच्या शेवटी सीग्रेव्ह नावाच्या ड्रायव्हरने डेटोनाच्या किनाऱ्यावर ताशी ३२० किलोमीटरची वेस ओलांडली. या माणसांना कमालीची रग होती, यात वाद नाही. पण त्यांचा सामना घड्याळाशी आणि भरतीशी होता. भरतीसमोर माज दाखवून काही होत नाही. दापोलीकडच्या किनाऱ्यांवर दर मोसमात मोठाल्या गाड्या वाळूत घालून बसणारे पाहुणे आणि त्या ओढून काढणारे ट्रॅक्टरवाले हे चांगलं जाणतात.

माणसासमोर माणूस उभा राहिला तो ग्रां प्रीमध्ये, म्हणजे अनेक गाड्या एकत्र पळण्याच्या शर्यतींत. १९५० मध्ये फॉर्म्युला वनचं जागतिक अजिंक्यपद सुरू झालं आणि पहिला विजेता ठरला इटलीचा फारिना. हा कायद्याचा डॉक्टर, ताठ बसून, हात लांब करून गाडी चालवणारा, आणि आडव्या आलेल्याला ढकलायला मागेपुढे न बघणारा म्हणून प्रसिद्ध. म्हणजे माज पहिल्या दिवसापासून होता असं म्हणायची सोय आहे. पण त्या दशकावर ठसा उमटला तो फारिनाचा नाही, फांजिओचा. अर्जेंटिनाच्या या अबोल मेकॅनिकने पाच अजिंक्यपदं मिळवली: १९५१ चं आणि मग १९५४ पासून सलग चार. सोबतचे ड्रायव्हर त्याच्याबद्दल कसे वागत याचा नमुना १९५६ च्या मोंझाच्या शर्यतीत दिसतो. फांजिओची गाडी बिघडली. त्याच्याच संघातला पीटर कॉलिन्स तेव्हा चोवीस वर्षांचा होता आणि त्याला स्वतःला अजिंक्यपदाची संधी होती. तरी तो पिटमध्ये, म्हणजे गाड्यांची दुरुस्ती होते त्या जागी, थांबला, गाडीतून उतरला आणि आपली गाडी फांजिओला देऊन मोकळा झाला. नियमात तेव्हा ते बसत होतं. फांजिओ जगज्जेता झाला. कॉलिन्सला पुढची संधी कधी मिळालीच नाही. दोन वर्षांनी नुर्बुर्गरिंगवर तो गेला.

१९५८ चा किस्सा तर यापुढचा. पोर्तुगालच्या शर्यतीत शेवटच्या फेरीत हॉथॉर्नची गाडी बंद पडली आणि ती पुन्हा सुरू करताना तो उलट्या दिशेने गेला, असा आक्षेप आला. त्याला बाद करण्याची तयारी चालली होती. त्याच्या बाजूने साक्ष द्यायला कोण गेलं? स्टर्लिंग मॉस, अजिंक्यपदासाठी त्याच्याशीच झुंजणारा. हॉथॉर्न तेव्हा पदपथावर होता, ट्रॅकवर नव्हता, असं मॉसने सांगितलं. हॉथॉर्नचे गुण वाचले. मोसम संपला तेव्हा हॉथॉर्न ४२, मॉस ४१. त्या वर्षी मॉसने चार शर्यती जिंकल्या होत्या, हॉथॉर्नने एक. मॉस पुढेही कधी जगज्जेता झाला नाही.

माजवादी मंडळी इथे लगेच म्हणतात, बघा, सभ्यपणाने काय मिळालं! हरकत नाही. पण मग जिम क्लार्कचं काय करायचं? स्कॉटलंडच्या सीमाभागातला हा शेतकरी, मेंढ्या पाळणारा, चारचौघांत नखं चावत बसणारा. १९६३ आणि १९६५ असं दोनदा अजिंक्यपद, पंचवीस शर्यती खिशात. १९६८ च्या एप्रिलमध्ये हॉकेनहाइमला त्याची गाडी झाडांत घुसली.

आणि मला वाटतं खरी मेख या मरणांतच आहे. १९५८ च्या एकाच मोसमात ग्रां प्री शर्यतींत झालेल्या अपघातांनी तीन ड्रायव्हर गेले. गाडीच्या दोन्ही बाजूंना पेट्रोल, कडेला झाडं आणि गवताच्या पेंढ्या. अशा वेळी चाकाला चाक लावायचं म्हणजे दोघांनी जायचं. जागा सोडण्यामागे सभ्यता होती, पण हिशोबही होता. आपल्याकडे अरुंद घाटात समोरून गाडी आली की चढणाऱ्याला वाट देतात, ते काय सगळे संत म्हणून देतात?

थोडं गाडीच्या आतलं सांगायला हवं, कारण रग कशाला लागते ते तिथे कळतं. १९६८ पासून गाड्यांना पंख आले, दहा वर्षांत गाडीच्या पोटाखालची हवाही कामाला लावली गेली. हवा गाडीला जमिनीवर दाबते, आणि वेग जितका जास्त तितकी जास्त दाबते. म्हणजे वेगवान वळणावर मनात शंका येऊन ड्रायव्हरने पाय उचलला, तर दाब कमी होतो, पकड सुटते आणि ज्याची भीती होती तेच होतं. टायरचंही तेच: हळू चालवलं की ते थंड होतात आणि घसरतात. ताशी ३०० किलोमीटरवरून शंभरेक मीटरमध्ये ब्रेक मारायचा असतो, आणि दरवेळी आदल्या फेरीपेक्षा हातभर पुढे. ही गाडी वळणार, आणि ती मीच वळवणार, असा विश्वास तिथे लागतोच. स्वतःवर शंका घेणाऱ्याला हवासुद्धा साथ देत नाही. मात्र हा विश्वास रबराबद्दल, हवेबद्दल आणि आपल्या हातांबद्दल असतो. शेजारच्या माणसाने बाजूला व्हावं, हा हट्ट त्यात कुठेच नाही.

तो हट्ट आला नंतर, आणि माझ्या मते एका चांगल्या गोष्टीच्या मागून आला. १९८१ मध्ये मॅकलॅरेन संघाने जॉन बार्नार्डने आखलेली, हलक्या पण दणकट कार्बन फायबरच्या सांगाड्याची गाडी आणली. त्याच वर्षी मोंझाला जॉन वॉटसनने ती आदळली, गाडीचे दोन तुकडे झाले आणि तो चालत बाहेर आला. जॅकी स्ट्युअर्ट या जगज्जेत्याने साठच्या दशकापासून कठडे, डॉक्टर, आग विझवणारी माणसं यांसाठी सगळ्यांची बोलणी खात आरडाओरडा केला होता. त्याचंही फळ दिसू लागलं. १९८२ नंतर जवळपास बारा वर्षं एकाही अजिंक्यपद शर्यतीत ड्रायव्हर मेला नाही. नेमकी हीच वर्षं सेना आणि प्रोस्त या दोन कट्टर प्रतिस्पर्ध्यांची.

ऐर्टन सेना या वादातला सगळ्यांचा हुकमी पत्ता. १९८९ मध्ये जपानच्या सुझुकाला तो आणि प्रोस्त एकमेकांत अडकले, अजिंक्यपद प्रोस्तला गेलं. १९९० मध्ये त्याच सुझुकाला पहिल्याच वळणावर सेनाने ब्रेक न मारता प्रोस्तच्या गाडीत गाडी घातली. दोघे वाळूत, अजिंक्यपद सेनाला. वर्षभराने त्याने हे ठरवून केल्याचं स्वतःच सांगितलं. दरम्यान ऑस्ट्रेलियात त्याची मुलाखत घेतली ती स्ट्युअर्टने. आधीच्या सगळ्या जगज्जेत्यांच्या मिळून जितक्या टकरा झाल्या नसतील तितक्या तुझ्या गेल्या तीन-चार वर्षांत झाल्या, असं स्ट्युअर्टने तोंडावर विचारलं. सेना चिडला, आणि मोकळी जागा दिसूनही जो घुसत नाही तो शर्यतीचा ड्रायव्हरच उरत नाही, असं उत्तर दिलं. ते वाक्य आज रील्समध्ये गावोगाव फिरतं. ते कुठल्या प्रश्नाचं उत्तर होतं, ते मात्र कापलेलं असतं. मरणाच्या काळातला माणूस वाचण्याच्या काळातल्या माणसाला विचारत होता, आणि दोघांना एकमेकांची भाषा कळत नव्हती.

सेनाची महानता टकरांत नव्हती. १९८८ मध्ये मोनाकोला पात्रता फेरीत त्याने त्याच्यासारखीच गाडी असलेल्या प्रोस्तला जवळजवळ दीड सेकंदाने मागे टाकलं, ते खरं. दुसऱ्या दिवशी जवळपास पन्नास सेकंदांची आघाडी असताना, मागे कोणी नसताना, त्याने गाडी कठड्यावर घातली आणि सरळ घरी निघून गेला. जिंकला प्रोस्त, ज्याला 'प्रोफेसर' म्हणत आणि ज्याच्या नावावर शेवटी चार अजिंक्यपदं लागली. सेनाची तीनच. १९९४ च्या मे महिन्यात इमोलाला तो गेला नसता तर कदाचित जास्त झाली असती. तो हिशोब कोणालाच मांडता येणार नाही.

जर्मनीच्या शूमाकरने तोच कित्ता गिरवला. १९९४ ला ॲडलेडमध्ये डेमन हिलशी टक्कर झाली आणि अजिंक्यपद एका गुणाने मिळालं. १९९७ ला खेरेझमध्ये व्हिलेनव्हवर गाडी घातली, ती फसली आणि संपूर्ण मोसमाच्या क्रमवारीतून नाव काढून टाकण्यात आलं. त्याची खरी कमाई वेगळीकडे होती. एकवीस वर्षं ड्रायव्हरचं अजिंक्यपद न मिळालेल्या फेरारीला त्याने वर्षानुवर्षं मेकॅनिकांच्या सोबत राबून २००० मध्ये ते मिळवून दिलं, आणि मग ओळीने आणखी चार.

आपल्या देशाचा या सगळ्याशी संबंध थोडका. कोइमतूरचा नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, २०१० मध्ये चेन्नईचा करुण चांडोक. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशा तीनच शर्यती झाल्या, तिन्ही जर्मनीच्या फेटेलने जिंकल्या. २०१३ च्या मार्चमध्ये मलेशियात याच फेटेलने संघाचा हुकूम धुडकावून सहकाऱ्याला मागे टाकलं होतं. उर्मट म्हणून जगभर शिव्या खाल्ल्या. ऑक्टोबरमध्ये नोएडाला चौथं अजिंक्यपद पक्कं झाल्यावर त्याने मैदानातच गाडी गोल गोल फिरवली, खाली उतरला आणि गाडीपुढे गुडघे टेकून वाकून नमस्कार घातला. खंडेनवमीला गाडीला झेंडूची माळ घालणाऱ्या आपल्या लोकांना तो माणूस त्या क्षणी आवडला. पंचांनी त्याच्या संघाला पंचवीस हजार युरो दंड केला. एकाच वर्षात एकाच माणसात हे दोन्ही मावतं.

मग नियमवाल्यांनी माजाला भाव लावून टाकला. २०१४ पासून ड्रायव्हरच्या परवान्यावर दंडाचे गुण चढतात. बारा महिन्यांत बारा झाले की एक शर्यत घरी. पहिला घरी बसला मॅग्नुसन, २०२४ मध्ये. बैलगाडीवाल्यांना हा प्रकार ओळखीचा आहे. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारा कायदा उचलून धरला. आता काठी-चाबूक चालत नाही. सुरुवातीला कुरकुर झाली. बैल मात्र पळतच आहेत. (एसटी पंचवीस वर्षं विनाअपघात गाडी चालवणाऱ्या चालकांचा सत्कार करते. कशेडी घाटात ओव्हरटेक केल्याबद्दल कोणाचा सत्कार झाल्याचं ऐकिवात नाही.)

राहता राहिला पुण्याच्या मुलाचा व्हर्स्टापेन. सलग चार अजिंक्यपदं मिळवलेला हा माणूस २०२५ मध्ये स्पेनच्या शर्यतीत शेवटच्या फेऱ्यांत भडकला. रसेलला जागा परत दे, असं संघाने रेडिओवर सांगितल्यावर त्याने दिल्यासारखं केलं आणि गाडी त्याच्या अंगावर घातली. दहा सेकंदांची शिक्षा झाली, पाचव्यावरून तो दहावा झाला. पाचव्याला दहा गुण मिळतात, दहाव्याला एक. डिसेंबरमध्ये अबू धाबीला मोसम संपला तेव्हा जगज्जेता ठरला लँडो नॉरिस, ज्याने आपल्याला स्वतःबद्दल शंका वाटते हे अनेकदा उघड बोलून दाखवलं आहे. गुण ४२३. व्हर्स्टापेन ४२१.

मुलाने मोबाईलवर तक्ता काढून वजाबाकी दोनदा करून बघितली. "पण गाडी कोणाची फास्ट होती, ते पण बघायला पायजे ना," तो म्हणाला. ते बरोबरच होतं, पण ऐकायला काका जागेवर नव्हते. पाणी उतरलं होतं आणि ते जोडी घेऊन ओल्या वाळूकडे निघाले होते.