कोंबडीच्या पिल्लांतील जन्मजात व्यंगे

अंड्यातून बाहेर पडताना किंवा त्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत पिल्लाच्या शरीरात दिसणारे दोष. त्यांचे मूळ आईबापांच्या जनुकांत, मादीच्या आहारात किंवा २१ दिवसांच्या उबवणीत असते. व्यंग दिसले की आधी रक्ताला बोल लावला जातो. पण निरनिराळ्या जोड्यांची अंडी एकत्र उबवली आणि सगळ्यांच्याच पिल्लांत दोष निघाला, तर आधी उबवणी यंत्राचे तापमान, आर्द्रता आणि अंडी फिरवण्याची व्यवस्था तपासावी. एकाच जोडीच्या पिल्लांत तो पुन्हापुन्हा येत असेल, तर मात्र संशय जनुकांवर जातो.

नेहमी आढळणारे व्यंग म्हणजे फाकलेले पाय. पिल्लू पोटावर बसते आणि पाय दोन्ही बाजूंना घसरत राहतात. उबवणीतील चुका किंवा गुळगुळीत तळ ही याची सामान्य कारणे. पाय अंगाच्या रुंदीइतक्या अंतरावर मऊ पट्टीने बांधून पिल्लाला खडबडीत कापडावर ठेवले, तर ते बहुधा काही दिवसांत सावरते. मात्र हा उपाय लगेच करावा लागतो. मुडपलेली बोटे अनेकदा रायबोफ्लेविनच्या (ब-२) कमतरतेची खूण असतात. ही कमतरता मादीच्या खाद्यातूनच अंड्यात उतरते, म्हणून सुधारणा तिथूनच करायची.

वाकड्या चोचीत वरचा आणि खालचा भाग कात्रीसारखे एकमेकांना ओलांडतात. सुरुवातीला तिरकेपणा जेमतेम जाणवतो, वाढीबरोबर तो ठळक होतो. खोल भांड्यात खाद्य दिल्यास असा पक्षी जगू शकतो. पैदाशीसाठी तो वापरू नये.

काही जातींत व्यंग आणि सौंदर्य यांची सरहद्द पुसट आहे. जपानी बँटमचे आखूड पाय ज्या जनुकामुळे येतात, त्याच्या दोन प्रती एकत्र आल्यास गर्भ अंड्यातच मरतो. म्हणून दोन आखूड पायांच्या पक्ष्यांच्या सुमारे पाव फलित अंड्यांतून पिल्लेच निघत नाहीत. अरौकानाच्या कानांजवळील पिसांच्या झुबक्यांचेही तसेच. तुरेवाल्या पोलिश कोंबडीची कवटी वर फुगलेली आणि मध्ये हाडाविना उघडी असू शकते. तिथे दुसऱ्या पक्ष्याची एक टोचही जिवावर बेतते. याउलट सिल्की आणि डॉर्किंग यांचे पाचवे बोट व्यंग नव्हे, जातीचे लक्षण आहे.

बेंबी न मिटणे आणि पिवळा बलक पोटात पूर्ण न ओढला जाणे हे दोष दिसायला किरकोळ, पण घातक: त्या वाटेने जंतू शिरतात आणि पोट फुगून पिल्लू बहुधा पहिल्याच आठवड्यात दगावते.