डॉट लोकल: आतल्या नेटवर्कच्या नावाचा घोळ

सर्व्हरवर डीएनएस (नावावरून मशीनचा पत्ता सांगणारी सेवा) आणि डीएचसीपी (मशीनना आपोआप पत्ते वाटणारी सेवा) उभे करायला घेतले की सुरुवातीलाच डोमेनचं नाव द्यावं लागतं. फक्त ऑफिसच्या आत चालणाऱ्या, बाहेर कुठेही नोंद नसलेल्या नेटवर्कला काय नाव द्यावं, याचं सरळ उत्तर २०२४ पर्यंत नव्हतं. नावाच्या शेवटी लावल्या जाणाऱ्या डॉट लोकलचा (.local) घोळ त्यातूनच आला.

सुरुवातीला सगळ्या मशीनची नावं एकाच फाइलीत असत आणि जो तो ती उतरवून घेई. १९८३ मध्ये डीएनएसचा आराखडा आला, १९८७ मध्ये त्याला आजचं रूप मिळालं, १९९३ मध्ये डीएचसीपी आलं. फेब्रुवारी १९९६ मध्ये १०, १७२.१६ आणि १९२.१६८ हे पत्ते खासगी वापरासाठी राखले गेले. त्याच वेळी एखादं नावही राखून ठेवायला हवं होतं. ते झालं नाही, आणि माझ्या मते मूळ चूक इथेच आहे. १९९९ मध्ये टेस्ट, एक्झाम्पल अशी चार नावं राखली गेली, पण ती चाचणीसाठी आणि तांत्रिक लिखाणातल्या उदाहरणांसाठी.

मग ज्याने त्याने आपापली वाट काढली. एका मोठ्या कंपनीच्या छोट्या ऑफिससाठीच्या सर्व्हरचा सेटअपच डॉट लोकल सुचवायचा, आणि लोक ‘नेक्स्ट’ दाबत पुढे जायचे. तिकडे २००२ पासून दुसऱ्या एका कंपनीने प्रिंटर आपोआप सापडावेत म्हणून तेच नाव मल्टिकास्ट डीएनएससाठी (सर्व्हरला न विचारता नेटवर्कवरच्या सगळ्यांना एकदम नाव विचारण्याची पद्धत) वापरायला घेतलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये मानक निघालं ते या दुसऱ्या वापराच्या बाजूने. तोवर आधीच्या सल्ल्यावर विसंबून उभी राहिलेली असंख्य नेटवर्क चालू होती.

त्याचा त्रास असा होतो. लिनक्स मशीनवर ‘डिग’ या नाव शोधणाऱ्या कमांडला फाइलसर्व्हर डॉट लोकलचा पत्ता बरोबर मिळतो, समोरचं मशीन पोचतंय का हे पाहणारी ‘पिंग’ कमांड मात्र नाव सापडत नाही म्हणते. डिग थेट डीएनएस सर्व्हरला विचारतो. पिंग आधी एनएसस्विच फाइल (नाव कुठे कुठे आणि कोणत्या क्रमाने शोधायचं याची यादी) पाहतो, आणि तिथे लिनक्सच्या बऱ्याच आवृत्त्यांमध्ये (डिस्ट्रोंमध्ये) डॉट लोकलचा शोध मल्टिकास्टपाशीच थांबवलेला असतो. प्रश्न सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. माणूस मात्र तासन्‌तास सर्व्हरवरची नावांची यादी, म्हणजे झोन फाइल, तपासत बसतो.

नाव बदला म्हणणं सोपं आहे. डीएचसीपीचा पर्याय १५ (मशीनना डोमेनचं नाव कळवणारा), रिव्हर्स झोन (पत्त्यावरून नाव सांगणारी यादी), केरबेरॉस या लॉगिन-व्यवस्थेचा रेल्म, सर्व्हरची ओळख पटवणारी सर्टिफिकेटं, जिथे जिथे जुनं नाव शिरलंय तिथून ते काढावं लागतं. त्यात १ नोव्हेंबर २०१५ नंतरच्या मुदतीची सार्वजनिक सर्टिफिकेटं अशा आतल्या नावांना देणंच बंद झालं.

पुढे कॉर्प, होम, मेल ही नावं आत इतकी वापरात असल्याचं दिसलं की २०१८ मध्ये ती सार्वजनिक इंटरनेटवर कुणालाच द्यायची नाहीत असं ठरलं. त्याच वर्षी घरगुती नेटवर्कसाठी ‘होम डॉट आर्पा’ आलं. ऑफिसांसाठी ‘डॉट इंटर्नल’ राखायला जुलै २०२४ उजाडावा लागला.

तरी नवा सर्व्हर उभा करताना मी स्वतःच्या नोंदणीकृत डोमेनचं सबडोमेनच घेईन. डॉट इंटर्नलला सार्वजनिक सर्टिफिकेट मिळत नाही. शिवाय २०१० पासून रूट झोन (डीएनएसची सगळ्यात वरची यादी) डीएनएससेकने, म्हणजे उत्तर खरं असल्याची खात्री देणाऱ्या डिजिटल सहीने, सही केलेला आहे, आणि त्याच्या लेखी हे नाव अस्तित्वातच नाही. त्यामुळे सही तपासणाऱ्या रिझॉल्व्हरला (मशीनच्या वतीने नाव शोधून देणाऱ्या सर्व्हरला) अपवाद सांगावा लागतो. अनबाउंड या रिझॉल्व्हरमध्ये ती ‘डोमेन-इनसिक्युअर’ची ओळ विसरली, तर आतली सगळी नावं पत्त्याऐवजी ‘सर्व्हफेल’ ही चूक देतात.