कोहळ्याचा वेल दुपारी मान का टाकतो

मे महिन्यात दुपारी दोन वाजता आमच्या मागच्या अंगणातल्या कोहळ्याकडे (पुण्या-मुंबईवाल्यांनी लाल भोपळा वाचावं) पाहवत नाही. नागपूरचा पारा ४५ वर आणि पानं मिटलेल्या छत्रीसारखी लोंबलेली. शेजारच्या काकू कुंपणावरून ओरडतात, "अरे पाणी टाक, मरून राहिला ना तो!" पण आळ्यात बोट खुपसलं तर माती ओलीच आहे. आणि संध्याकाळी ऊन उतरलं की पानं आपोआप ताठ, म्हणजे पाणी होतं, फक्त दुपारी पानातून उडतं तितक्या वेगानं खालून पोचत नव्हतं.

शाळेत आपण केशाकर्षण शिकलो, वातीत तेल चढतं तसं. जरा हिशोब करा. ०.२ मिमी व्यासाच्या नळीत केशाकर्षणानं पाणी चढतं जेमतेम १५ सेंटीमीटर, आणि आमचा वेल टिनाच्या शेडवर पोचलाय. खरी ओढ पानात असते. तिथल्या पेशींच्या भित्तिकांमधली छिद्रं हजारपटीहून बारीक, तिथून पाणी उडालं की मागचं पाणी ओढलं जातं, रेणू एकमेकांना धरून असतात, त्यामुळे मुळापर्यंतचा अख्खा स्तंभ दोरीसारखा वर येतो. डिक्सन आणि जोली यांनी डब्लिनमध्ये १८९४ साली हे मांडलं.

आता माझा आवडता भाग. कोहळ्याचं खोड ब्लेडनं आडवं कापा. मधे पोकळ, भोवती दोन कड्यांत मिळून साधारण दहा ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्यात सुईनं टोचल्यासारखी भोकं, भिंग नसलं तरी दिसतात. या जलवाहिन्या. झाडाला स्वतःचं वजन पेलायचं असतं म्हणून त्याच्या खोडात लाकूड भरपूर. वेल दुसऱ्याच्या जिवावर उभा, त्याला खांब नको, पाइप हवेत, आणि पातळ खोडातून एवढ्या मोठमोठ्या पानांना पाणी पुरवायचं तर पाइप रुंदच हवेत. का? नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो (प्वाझेईनं हे १८४० च्या दशकात रक्ताच्या प्रवाहाच्या नादात शोधलं). त्रिज्या दुप्पट झाली की तेवढ्याच दाबाला पाणी १६ पट, तिप्पट केली की ८१ पट. दहापट जाड एक नळी म्हणजे १०,००० बारीक नळ्यांचं काम! हा कागदावरचा हिशोब हं, खऱ्या जलवाहिनीत भिंतींवर कंगोरे असतात, एक वाहिनी संपून दुसरी सुरू होते, तिथे पाणी अडखळतं, म्हणून प्रत्यक्षात कमी मिळतं. तरी फरक प्रचंडच.

याची किंमत म्हणजे हवेचा बुडबुडा. ताणलेल्या स्तंभात हवा शिरली की तो तुटतो आणि ती वाहिनी बाद, आणि रुंद वाहिन्या सहसा आधी बाद होतात. खोड शाईत ठेवून रंग चढताना बघायचा असेल तर बादलीत पाण्याखालीच कापा, नाहीतर कापल्याक्षणी हवा आत ओढली जाते आणि तुम्ही म्हणाल प्रयोग खोटा.

जाता जाता गुळवेलीचं. कडुनिंबावरची गुळवेल जास्त गुणकारी म्हणून दुप्पट भावानं विकतात, का तर म्हणे ती निंबाचा रस पिते. अहो, तिच्या जलवाहिन्या निंबाला कुठेच जोडलेल्या नसतात. वरून दोऱ्यासारखी मुळं सोडून ती जमिनीतलंच पाणी घेते, निंब तिला फक्त शिडी. दुसऱ्याच्या लाइनवर आकडा टाकते ती अमरवेल.

बंद पडलेल्या वाहिन्या परत भरायचीही एक सोय काही वेलींत असते. मुळंच खालून पाणी ढकलतात. द्राक्षवेल कापली की टपटप गळते ती यामुळेच, स्टीफन हेल्सनं कापलेल्या वेलीला काचेची नळी जोडून तो दाब मोजला होता, पुस्तक १७२७ चं. आमच्याकडे ऑगस्टच्या ढगाळ पहाटे कोहळ्याच्या पानांच्या कडेला थेंब ओळीनं उभे असतात. काकू त्याला दव म्हणतात. शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर हात फिरवा, ती कोरडी असते.