आधी प्रोग्रॅमर, मग पदवी

1957 साली ॲमस्टरडॅममध्ये एडस्गर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाचं लग्न होतं. विवाहनोंदणीच्या कागदावर व्यवसाय लिहायचा होता. त्यांनी ‘प्रोग्रॅमर’ लिहिलं. नगरपालिकेने ते मान्य केलं नाही. असा व्यवसायच नसतो, म्हणे. शेवटी नोंद झाली ती ‘सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ’ अशी. ते तेव्हा पाचेक वर्षं प्रोग्रॅमिंगचीच नोकरी करत होते. 1972 साली ट्युरिंग पुरस्काराच्या, म्हणजे संगणकशास्त्रातल्या सर्वोच्च सन्मानाच्या, भाषणात हा किस्सा त्यांनी स्वतःच सांगितला.

आयटीत शिरायला पदवी लागते का, यावर वाद घालताना आपण गृहीत धरतो की पदवीची अट पहिल्यापासून होती आणि आता कुठे ती सैल होते आहे. क्रम नेमका उलटा आहे. धंदा आधी आला, पदवी नंतर.

1946 साली जगापुढे आलेल्या एनिॲक या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक संगणकावर गणितं चढवणाऱ्या सहा स्त्रियांच्या हाती मॅन्युअलसुद्धा नव्हतं. यंत्राच्या आकृत्या पसरून त्यांनी ते आतून समजून घेतलं. बहुतेकींनी गणित शिकलेलं होतं, पण बेटी हॉल्बर्टन यांची पदवी पत्रकारितेची होती. पुढे युनिव्हॅक या संगणकासाठी सॉर्ट-मर्ज जनरेटर (माहिती क्रमाने लावून एकत्र करणारे प्रोग्रॅम तयार करणारा प्रोग्रॅम) लिहिला तो त्यांनीच, आणि कोबॉल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या घडणीतही त्यांचा हात होता.

पन्नासच्या दशकात मोठ्या संगणकांची विक्री वाढली आणि माणसं मिळेनात. मग आयबीएमने प्रोग्रॅमरसाठी कलचाचणी काढली. अंकमालिकेतला पुढचा अंक कोणता, या आकृतीशी त्या आकृतीचं नातं काय, थोडी शाब्दिक गणितं. संगणकाबद्दल एक अक्षर नाही. ही चाचणी इतर कंपन्यांनीही उचलली आणि कुठलं कुठलं शिक्षण घेतलेले लोक तिच्या जोरावर प्रोग्रॅमर झाले. या चाचणीतले गुण आणि पुढचं काम यांचा मेळ फारसा बसत नाही, अशी तक्रार तेव्हाही होती. पण उमेदवारांतून निवडायला काहीतरी चाळणी हवी होती, आणि ती स्वस्त होती.

विद्यापीठं सावकाश आली. केंब्रिजने 1953 साली संगणनाची पदविका सुरू केली. अमेरिकेत संगणकशास्त्राचा पहिला स्वतंत्र विभाग पर्ड्यू विद्यापीठात निघाला तो 1962 साली. 1968 हे मला खरं वळण वाटतं. त्या वर्षी एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेने पदवीच्या अभ्यासक्रमाचा आराखडा छापला, आणि त्याच वर्षी जर्मनीत गार्मिश इथे नाटोने भरवलेल्या परिषदेने ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हा शब्द रूढ केला. प्रकल्प लांबत होते, खर्च हाताबाहेर जात होता, आणि या कामाला शिस्त हवी हे सगळ्यांना पटलं होतं. एकदा ‘इंजिनिअर’ म्हटलं की मागोमाग पदवी आलीच.

कॉलेज सोडलेल्यांच्या कथा यानंतरच्या. बिल गेट्स यांनी 1975 साली हार्वर्ड सोडलं, हे प्रत्येकजण ऐकवतो. तेराव्या वर्षापासून शाळेतल्या, दूरच्या संगणकाला जोडलेल्या टर्मिनलवर त्यांनी किती तास घालवले होते, हे कुणी ऐकवत नाही. आणि ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक यांचं उदाहरण तर सोयीस्करपणे गळतं. ॲपल उभी करून झाल्यावर ते बर्कलीला परतले, टोपणनावाने वर्गात बसले आणि 1986 साली पदवी घेऊन बाहेर पडले.

नव्वदच्या दशकात पदवीशेजारी दुसरा कागद आला: सर्टिफिकेशन. कॉम्प्टिया या उद्योगसंघटनेची ए प्लस आणि नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या सिस्को कंपनीची सीसीआयई या दोन्ही परीक्षा 1993 सालच्या. सीसीआयईची सुरुवातीची प्रयोगपरीक्षा दोन दिवसांची असे. उमेदवाराने राउटर (नेटवर्कं एकमेकांना जोडणारी यंत्रं) जोडून नेटवर्क उभं करायचं, मग परीक्षक त्यात मुद्दाम बिघाड करणार आणि उमेदवाराने तो शोधून काढायचा. कामाची इतकी थेट पारख विद्यापीठाच्या लेखी पेपरात कधी झालेली मला माहीत नाही. अर्थात ती होती एका कंपनीच्या यंत्रांपुरतीच.

2008 साली गिटहब ही कोड ठेवायची वेबसाइट आली आणि स्वतःचा कोड चव्हाट्यावर मांडायची सोय झाली. 2012 च्या सुमारास ऑनलाइन कोर्स आणि बूटकॅम्प, म्हणजे थोडक्या काळात प्रोग्रॅमिंग शिकवणारे वर्ग, यांचं पेव फुटलं; त्यातला अग्रणी डेव्ह बूटकॅम्प 2017 अखेर बंदही पडला.

त्याच सुमारास आयबीएमच्या प्रमुख जिनी रोमेटी ‘न्यू कॉलर’ नोकऱ्यांबद्दल बोलू लागल्या: कौशल्य बघा, पदवी नको. इतर बड्या कंपन्यांनीही री ओढली. जाहिरातींतून अट खरोखरच गेली. पण हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांनी 2024 साली अमेरिकेतल्या सगळ्याच क्षेत्रांतल्या भरतीचा हिशेब मांडला, तेव्हा या बदलाचा लाभ वर्षभरातल्या दर 700 नेमणुकांमागे एकीलाही मिळालेला दिसला नाही. जाहिरात लिहिणारा वेगळा, निवडणारा वेगळा. माणसं कमी पडली की अट ढिली होते, एका जागेसाठी हजार अर्ज आले की पुन्हा आवळते. त्यात कामाच्या स्वरूपाचा संबंध थोडाच.

एका ठिकाणी मात्र कंपनीच्या मर्जीला काही किंमत नाही, आणि ते म्हणजे व्हिसा. अमेरिकेचा एच-1बी हा कामाचा व्हिसा 1990 च्या कायद्यातून आला आणि त्यात पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता ही मूळ अटच आहे. तोडीची म्हणजे किती, याचं गणितही नियमात दिलेलं आहे: कॉलेजच्या न झालेल्या प्रत्येक वर्षामागे कामाची तीन वर्षं. चार वर्षांची पदवी अजिबात नसेल तर बारा.