ब्रिटिश स्पीडवे लीग: टीमची ताकद आणि घरच्या ट्रॅकचा फायदा

स्पीडवे म्हणजे मोटरसायकल रेसिंगचा एक प्रकार. अंडाकृती, बारीक खडीच्या ट्रॅकवर चार रायडर चार फेऱ्या मारतात, डावीकडे वळत वळत, आणि साधारण एका मिनिटात रेस संपते. बाईक 500 सीसीची, एक सिलिंडर, एकच गिअर, इंधन मिथेनॉल, आणि ब्रेक नाहीतच. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं आणि त्या घसरण्यावरच बाईक सांभाळायची. ब्रिटनमध्ये हा खेळ 19 फेब्रुवारी 1928 ला लंडनजवळच्या हाय बीच इथे झालेल्या मीटिंगपासून धरतात, आणि 1929 मध्ये लीगही सुरू झाल्या. तेव्हापासून एक प्रश्न तिथल्या प्रेक्षकांचा पिच्छा सोडत नाही: आपली टीम जिंकली ती चांगली आहे म्हणून, की मॅच आपल्या ट्रॅकवर होती म्हणून?

ही नोंद त्या प्रश्नाबद्दल आहे. वरवर सोपा वाटतो पण आकडे घेऊन बसलं की लक्षात येतं की ताकद आणि ट्रॅक या दोन गोष्टी एकमेकांत पार कालवलेल्या आहेत.

स्कोअर कसा बनतो

आधी हे बघून घ्या, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. आजच्या लीग मॅचमध्ये 15 हीट, म्हणजे छोट्या रेस, असतात, प्रत्येक टीमचे सात रायडर, आणि एका हीटमध्ये दोन घरचे, दोन पाहुणे. पहिल्याला 3, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1, शेवटच्याला भोपळा. म्हणजे हीटमागे 6 पॉइंट आणि मॅचमध्ये एकूण 90. काठावरचा विजय म्हणजे 46-44. एका हीटमध्ये जास्तीत जास्त 5-1 होऊ शकतं, त्यामुळे पंधराच्या पंधरा हीट 5-1 झाल्या तरी स्कोअर 75-15 च्या वर जात नाही. घरच्या टीमची हेल्मेट कव्हर लाल आणि निळी, पाहुण्यांची पांढरी आणि पिवळी, त्यामुळे लांबूनही कळतं कोण कुठे आहे ते.

रायडरची ताकद मोजायचं माप म्हणजे ॲव्हरेज. पॉइंट आणि बोनस पॉइंट यांची बेरीज, भागिले रेसची संख्या, गुणिले 4. बोनस पॉइंट कधी, तर आपल्याच जोडीदाराच्या लगेच मागे आलात आणि निदान एक विरोधी तुमच्या मागे राहिला तर, कारण जोडीदाराला ओव्हरटेक करायला जाऊन दोघांनी आपटावं असं कुणालाच वाटत नाही. चारही रेस जिंकल्या तर 12, म्हणजे मॅक्झिमम. 9 च्या वरचा रायडर टीमचा कणा, 3 च्या आसपासचा म्हणजे अजून शिकतोय.

इथे एक छोटं गणित करून बघा. 90 पॉइंट, 60 राइड (15 हीट, प्रत्येकी चार रायडर), म्हणजे एका राइडला सरासरी दीड पॉइंट, चार राइडला 6. अशा सात रायडरची बेरीज 42. बोनस धरले तर थोडी वरच जाईल. ब्रिटिश लीगमध्ये सीझनच्या आधी टीम बांधताना सगळ्या रायडरच्या ॲव्हरेजची बेरीज ठरावीक मर्यादेच्या आत बसवावी लागते, ती मर्यादा दरवर्षी बदलते पण साधारण 40 च्या आजूबाजूलाच घुटमळते, आणि वरच्या गणितावरून कळतं की का.

आता गंमत बघा. सगळ्या टीमची कागदावरची ताकद नियमानेच जवळपास सारखी करून टाकली तर मॅचचा निकाल ठरवायला उरतं काय? ट्रॅक, फॉर्म, दुखापती आणि प्रमोटरची, म्हणजे टीम चालवणाऱ्याची, अक्कल. बहुतेक मॅच घरचीच टीम जिंकते त्यामागे हे एक मोठं कारण आहे आणि ते फारसं कुणी बोलत नाही. दोन टीममधला ताकदीचा फरक मुळात छोटा ठेवलेला असतो, मग ट्रॅकचा फायदा तेवढाच राहिला तरी डोंगराएवढा दिसतो.

घरचा ट्रॅक म्हणजे नेमकं काय

दुसऱ्या खेळांत घरचा फायदा म्हणजे प्रेक्षक, प्रवास, रेफ्री वगैरे. स्पीडवेत तो जमिनीत असतो. दोन ट्रॅक सारखे नसतातच. वॉल्व्हरहॅम्प्टनचा मॉनमोर ग्रीन (2023 नंतर तिथे स्पीडवे बंद) सुमारे 264 मीटर, एडिनबरा टीमचा आर्मडेलचा ट्रॅक 260 च्या आसपास, पूल गावातला 299, मँचेस्टरचं नॅशनल स्पीडवे स्टेडियम 347, शेफिल्डचं ओलर्टन 361, स्विंडनचं ब्लन्स्डन (2019 नंतर तिथे रेस नाहीत) 363. म्हणजे एकाच लीगमध्ये एक ट्रॅक दुसऱ्यापेक्षा शंभर मीटरने मोठा. छोट्या ट्रॅकवर सरळ पट्टा असा जेमतेम येतो आणि लगेच वळण, थ्रॉटल सोडायचं नेमकं कुठे हे एका मीटरने चुकलं तरी बाईक कुंपणाकडे निघते. मोठ्या ट्रॅकवर उलट, तिथे थ्रॉटल बंद करणाराच मागे राहतो.

एका हीटची कल्पना करा. पाहुणा रायडर पहिल्यांदाच या ट्रॅकवर आलाय, स्टार्टच्या टेपपाशी उभा आहे, पुढच्या चाकाखाली आधीच्या रायडरांनी खणलेला खड्डा. तो पायाने माती ओढून भरतो, बुटाने दाबतो, पण दोन मिनिटांचा वॉर्निंग टाइम चालू आहे, वेळेत तयार नाही झालास तर बाहेर. शेजारचा घरचा रायडर मात्र खड्ड्याकडे बघतसुद्धा नाही, त्याला माहीत आहे की या गेटवरून, म्हणजे स्टार्टच्या या जागेवरून, चाक थोडं डावीकडे ठेवलं की पकड मिळते. टेप वर जातात, पाहुण्याचं मागचं चाक अर्धा सेकंद नुसतं गरगर फिरतं, आणि पहिल्या वळणावर पोचेपर्यंत त्याच्या गॉगलवर पुढच्या दोघांनी उडवलेली ओली खडी. रेस तिथेच संपली म्हणा ना. मग पिटमध्ये मेकॅनिक हातातल्या पान्याने मागचं स्प्रॉकेट बदलतोय, एखादा दात कमी की जास्त यावर दोघांची खुसफुस, आणि उत्तर सापडेस्तोवर हीट 10 उजाडते. घरच्या माणसाने ते उत्तर एप्रिलमध्येच शोधून ठेवलेलं असतं.

शिवाय ट्रॅक तयार करणारा माणूस घरचा. टँकरने पाणी किती मारायचं, खडी आतल्या कडेला ठेवायची की बाहेर ढकलायची, ट्रॅक्टर किती वेळा फिरवायचा. ओली आणि जाड खडी असली की बाहेरून जाणाऱ्याला जोर मिळतो, कडक आणि घोटलेली असली की गेटवर पुढे निघालेला पुढेच राहतो. आपल्याकडे क्रिकेटमध्ये फिरकीला मदत होईल अशी खेळपट्टी बनवली की जी कुजबूज होते तीच इथे, फक्त इथे पाहुणे कॅप्टन आणि मॅनेजर पिटमध्येच रेफ्रीला फोन लावायला सांगतात.

सगळ्यात बदनाम उदाहरण म्हणजे एक्झेटरचं काउंटी ग्राउंड. रग्बीच्या मैदानाभोवती जवळपास 400 मीटरचा उताराचा ट्रॅक, भयानक वेगवान, आणि भोवती पोलादी पत्र्याचं कुंपण. पाहुण्या रायडरना तिथे जायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा. 1974 मध्ये एक्झेटर फाल्कन्स ब्रिटिश लीग जिंकले तेव्हा त्यांच्याकडे न्यूझीलंडचा जगज्जेता आयव्हन मॉजर होता, त्यामुळे ते सगळं श्रेय पत्र्याला देणं अन्यायाचं होईल, पण पत्र्याचा काहीच वाटा नव्हता असं म्हणायलाही जीभ रेटत नाही. 2005 च्या सीझननंतर तो ट्रॅक बंद झाला.

उलट, माझं मत विचाराल तर, रुंद आणि नीट राखलेला ट्रॅक घरच्यांना कमी फायदा देतो. मँचेस्टरच्या नव्या ट्रॅकवर पाहुण्यांनाही ओव्हरटेक करायला जागा मिळते, त्यांना तिथे यायला आवडतं. प्रेक्षकांसाठी उत्तम, घरच्या टीमसाठी थोडं महागात. विचित्र ट्रॅक हीच खरी संपत्ती.

दोन्ही वेगळे कसे करायचे

सोपी युक्ती अशी की दोन टीमच्या घरच्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही मॅच शेजारी ठेवायच्या. समजा क टीमने ख ला घरी 51-39 हरवलं, म्हणजे +12, आणि ख च्या घरी 43-47 ने हरली, म्हणजे -4. दोन्हींची बेरीज 8, अर्धे 4, म्हणजे तटस्थ ट्रॅकवर क टीम 4 पॉइंटने भारी, 47-43 वगैरे. दोन्हींमधला फरक 16, अर्धे 8, तो घरचा फायदा. म्हणजे या जोडीत ताकदीपेक्षा ट्रॅक दुप्पट जड. लीगमध्ये दोन्ही लेगचा, म्हणजे घरच्या आणि बाहेरच्या मॅचचा, मिळून टीमला टेबलमध्ये एक वेगळा बोनस पॉइंट द्यायची जी पद्धत वर्षानुवर्षं दिसते ती याच विचाराची, 94-86 असा एकूण स्कोअर लावला की ट्रॅक दोन्ही बाजूंनी कटतो आणि खाली राहते ती ताकद.

पण थांबा, इथे एक फट आहे. तो 8 चा फायदा क च्या ट्रॅकचा की ख च्या? दोघांचा सरासरी आहे तो. कदाचित क चा ट्रॅक 12 चा आणि ख चा 4 चा, कळायला मार्ग नाही, कारण मॅच दोन आणि अज्ञात गोष्टी तीन. त्यासाठी सगळी लीग घ्यावी लागते, प्रत्येक टीमचा घरचा एकूण फरक आणि बाहेरचा एकूण फरक मांडायचा, ज्याची दरी सगळ्यात मोठी त्याचा ट्रॅक सगळ्यात उपयोगी असं म्हणायचं. त्यातही एक शंका राहते. दरी मोठी असणं म्हणजे घरी जास्त चांगले, की बाहेर जास्त वाईट? आकड्यात दोन्ही सारखेच दिसतात. आपल्या गल्लीत कुत्रंही वाघ असतं, पण ते गल्लीमुळे वाघ झालं की गल्लीबाहेर जायला घाबरतं म्हणून तसं दिसतं, हे स्कोअरबोर्ड सांगत नाही. आणि सात-आठ टीमच्या लीगमध्ये मॅच इतक्या थोड्या की एक पाऊस आणि एक मोडलेलं कॉलरबोन सगळा हिशोब फिरवतं.

मुळात ज्या ॲव्हरेजवर ताकद मोजायची त्याच्यातच ट्रॅक आधीच शिरलेला असतो. विचित्र ट्रॅकवर घरी 9 आणि बाहेर 5 मारणारा रायडर कागदावर 7 चा. तो टीम बदलतो तेव्हा नवा प्रमोटर मर्यादेतले 7 पॉइंट त्याच्यावर खर्च करतो आणि हातात येतो 5 चा माणूस, निदान नवा ट्रॅक अंगवळणी पडेपर्यंत. चतुर प्रमोटर उलटं करतात, दुखापतीतून परत आलेला किंवा आधी चुकीच्या ट्रॅकवर अडकलेला रायडर स्वस्तात उचलतात. 2021 मध्ये पीटरबरोने वय झालेल्या, लोकांनी निवृत्तीत काढलेल्या रायडरांची टीम बांधली, स्कॉट निकोल्स, क्रिस हॅरिस, हान्स अँडरसन, ब्यार्ने पेडरसन, आणि प्रीमियरशिप, म्हणजे सगळ्यात वरची लीग, जिंकली. कागदावर हे लोक उतरणीला लागलेले होते.

त्यात भर म्हणजे ग्रीन शीट, म्हणजे सीझनभर अपडेट होणारी ॲव्हरेजची अधिकृत यादी. ज्यांचं ॲव्हरेज खाली येतं ते 6 आणि 7 नंबरला, रिझर्व्हला जातात, आणि रिझर्व्हला एका मॅचमध्ये सातपर्यंत राइड मिळू शकतात, तेही बऱ्याचदा कमजोर विरोधकांसमोर. म्हणजे चांगला रायडर महिनाभर वाईट खेळला की टीमचं नुकसान नाही, लॉटरी! त्याची ग्रीन शीटवरची ताकद घटली आणि मैदानावरची वाढली. आणि मुख्य रायडर जखमी असेल तर दुसऱ्या टीमचा तेवढ्याच किंवा कमी ॲव्हरेजचा रायडर गेस्ट म्हणून आणता येतो. आता प्रमोटर गेस्ट निवडतो तो कसा? त्या ट्रॅकवर ज्याचं जमतं तोच. म्हणून एखाद्या मॅचचा स्कोअर बघून "ही टीम अशी" म्हणण्याआधी प्रोग्रॅमवर कोणकोणाची नावं होती ते बघावं, कधीकधी अर्धी टीम उसनी असते.

अजून एक, मागे पडलेल्या टीमला टॅक्टिकल बदल करता यायचे, कमजोर रायडरच्या जागी चांगला, आणि 2000 च्या दशकात तर दुप्पट पॉइंटची राइडही होती, त्यामुळे त्या काळच्या मॅचची बेरीज 90 च्या वर गेलेली दिसते. असे नियम मोठा फरक आवळून छोटा करतात, म्हणून जुने आणि नवे स्कोअर सरळ सरळ शेजारी ठेवून घरचा फायदा वाढला की घटला हे ठरवू नये.

नियमांनी मान्य केलेला फायदा

घरचा फायदा किती मोठा मानला जातो याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा नियमांतच आहे. 2010 च्या दशकात एलिट लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, घरच्या विजयाला टेबलमध्ये 3 पॉइंट, बाहेर 7 किंवा जास्तने जिंकलं तर 4, बाहेर 6 किंवा कमीने हरलं तरी 1, आणि बरोबरी झाली तर घरच्याला 1 पण पाहुण्याला 2. म्हणजे लीगच म्हणत होती की बाहेर 42-48 हरणं ही अगदीच फुकट गेलेली संध्याकाळ नाही.

प्ले-ऑफ, म्हणजे टेबलमधल्या वरच्या टीममधले किताब ठरवणारे बाद सामने, 2002 पासून आले आणि तिथे हा वाद दरवर्षी उकरला जातो, कारण फायनल दोन लेगची. लीगमध्ये वर राहिलेल्या टीमला ताकद सिद्ध केल्याचं समाधान, पण दोन रात्रींत सगळं पालथं होतं. 2010 मध्ये पूल पायरेट्स टेबलमध्ये सगळ्यात वर होते आणि फायनल कॉव्हेन्ट्रीने मारली. पूलच्या लोकांना विचाराल तर ती जखम अजून ओली आहे, जरी नंतर 2011, 2013, 2014, 2015 असे किताब त्यांनी गोळा केले.

ट्रॅक जाणं म्हणजे काय हे कॉव्हेन्ट्रीने पुढे बघितलं. त्यांचं ब्रँडन स्टेडियम 2016 नंतर बंद, 2017 मध्ये लीगमध्ये टीमच नाही, आणि 2018 मध्ये कॉव्हेन्ट्री बीज नावाने खालच्या नॅशनल लीगमध्ये उतरले तेव्हा घरच्या मॅच लेस्टरच्या ट्रॅकवर. प्रोग्रॅमवर "होम" लिहिलेलं, हेल्मेट कव्हर लाल-निळी, पण खड्डे दुसऱ्याचे.