साठीनंतरचं ड्रायव्हिंग: तपासणी-फेरीला येण्याआधी वाचून ठेवा

ज्येष्ठांच्या तपासणी-फेरीसाठी आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जे फोन येतात, ते बहुतेक मुलांचे, नाहीतर सुनांचे असतात. "बाबांना तुम्हीच समजवा, गाडी बंद करा म्हणावं." हे काम आम्ही घेत नाही. आम्ही तुमच्याच गाडीत, तुमच्याच रोजच्या रस्त्याने शेजारी बसून येतो आणि काय बदललं तर अजून काही वर्षं निर्धास्त चालवता येईल ते सांगतो. क्वचित "आता थांबा" असंही सांगावं लागतं. पण त्याआधी गाडी बदलणं, बसणं बदलणं, वेळ आणि रस्ता बदलणं अशा बऱ्याच पायऱ्या आहेत. घरात भांडणं होतात ती या पायऱ्या गाळून थेट किल्लीवर आल्यामुळे.

आधी कागद

खासगी गाडी चालवायला कायद्याने कमाल वय ठरवलेलं नाही. लायसन्सची मुदत मात्र वयाप्रमाणे आखडत जाते. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. पन्नास ते पंचावन्न या वयात नूतनीकरण केलंत तर लायसन्स साठाव्या वर्षापर्यंत चालतं. पंचावन्ननंतर दर खेपेला पाच वर्षं मिळतात. मुदत संपण्याच्या आधी एक वर्ष ते संपल्यानंतर एक वर्ष, एवढ्या काळात अर्ज करता येतो. वर्ष उलटून गेलं तर नव्या उमेदवारांच्या रांगेत उभं राहून पुन्हा चाचणी द्यावी लागते. एक गैरसमज अजून पुष्कळांच्या डोक्यात आहे: मुदत संपल्यावर महिनाभर चालतं. पूर्वी चालायचं, २०१९ च्या दुरुस्तीत ती सवलत गेली. संपलेल्या लायसन्सवर अपघात झाला तर दंड राहिला बाजूला, विमा कंपनी भरपाईचे पैसे तुमच्याकडून वसूल करायला मागे लागू शकते. तारीख आजच बघा.

नूतनीकरणाला डॉक्टरांचा दाखला लागतो, तो फॉर्म १-ए. सही-शिक्का आणून देणारे एजंट मिळतात, हे आम्हालाही माहीत आहे. तरी त्या फॉर्ममधले प्रश्न एकदा वाचाच, कारण घरबसल्या करायची पहिली तपासणी तीच आहे. चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबर प्लेट ओळखता येते का? लाल-हिरवा फरक चटकन कळतो का? रातांधळेपणा आहे का? हॉर्न ऐकू येतो का? नातवाला सोसायटीच्या गेटपासून तेहेतीस-चौतीस पावलं चालायला लावा, साधारण २५ मीटर होतात. नेहमीचा चष्मा लावून तिथली नंबर प्लेट वाचा. अडखळलात तर आमच्याकडे येण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. आमची फी वाचेल.

डोळे आणि रात्र

वयाबरोबर बाहुली लहान होते, आतलं भिंग पिवळसर पडतं, त्यामुळे डोळ्यात उजेडच कमी शिरतो. शिवाय समोरून कोणी अप्पर मारून गेला की डोळे पुन्हा सरावायला तरुणपणापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून दिवसा झकास चालवणारी माणसं रात्री चाचपडतात. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण गाडी तेवढ्या वेळात बरंच अंतर कापते. समोरचा उजेड अंगावर आला की नजर त्याच्यावर न ठेवता रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर न्या आणि वेग कमी करा. 'नाइट ड्रायव्हिंग' म्हणून विकले जाणारे पिवळ्या काचेचे चष्मे घेऊ नका, ते उरलासुरला उजेडही खातात. पुढची काच आतून पुसा. बाहेरून सगळे पुसतात, आतल्या बाजूला धुरकट थर साचतो आणि रात्री प्रत्येक दिव्याभोवती फुलबाजी पेटल्यासारखी दिसते. काच स्वच्छ करूनही दिव्यांभोवती वलयं दिसत असतील तर मोतीबिंदू तपासून घ्या. तो 'पिकायची' वाट बघण्याचे दिवस गेले.

काचबिंदू जास्त फसवा. तो नजरेच्या कडा हळूहळू खातो आणि मधलं स्पष्ट दिसत असल्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही. "हा दुचाकीवाला कुठून आला कळलंच नाही," हे वाक्य तुमच्या तोंडी वारंवार येऊ लागलं असेल, तर दोष दरवेळी दुचाकीवाल्याचा नसेल. पुण्यात असं म्हणणं धाडसाचं आहे, तरी म्हणतो.

सीटवर बसणं

तपासणी-फेरीतला पहिला बराच वेळ गाडी जागेवरच उभी असते. बहुतेक ज्येष्ठ मंडळी फार पुढे सरकून, स्टिअरिंगला छाती लावून बसतात. बॉनेट दिसलं की बरं वाटतं म्हणून. पण छाती आणि स्टिअरिंग यांत वीतभराहून थोडं जास्त, म्हणजे किमान २५ सेंटिमीटर अंतर हवं, नाहीतर अपघातात एअरबॅगच फासळ्या मोडते. पुढचं दिसत नसेल तर सीट वर उचला. सीटला ती सोय नसेल तर खाली घट्ट, न घसरणारी पातळ गादी घाला. सोफ्यावरची मऊ उशी नको, ब्रेक मारताना माणूस तिच्यासकट पुढे जातो. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा. पट्टा खांद्याच्या मधून जावा, मानेवरून नको.

मान वळत नाही ही तक्रार सर्रास आहे. त्यावर आरसे नीट लावणं हा अर्धा उपाय. दोन्ही बाजूंचे आरसे इतके बाहेर वळवा की त्यांत तुमच्या गाडीची कड जेमतेम दिसेल. बहुतेकांच्या आरशात स्वतःच्या गाडीचा दरवाजाच भरलेला असतो. उरलेला अर्धा उपाय मानेचे व्यायाम, ते फिजिओथेरपिस्टला विचारा.

मुलांनी घेऊन दिलेली ऑटोमॅटिक

या विषयावर आम्ही जरा जास्त बोलणार आहोत. गुडघे दुखतात, क्लच दाबवत नाही, म्हणून मुलगा वाढदिवसाला ऑटोमॅटिक गाडी दारात उभी करतो. निर्णय चांगला आहे. पण चाळीस वर्षं क्लच दाबलेला डावा पाय एका दिवसात निवृत्त होत नाही. घाई झाली की तो क्लच शोधत जातो आणि सापडतो ब्रेक, तोही पूर्ण ताकदीने. गाडी जागच्या जागी थांबते आणि मागचा येऊन आदळतो.

याहून वाईट प्रकार पार्किंगमध्ये होतो. रिव्हर्स घेताना माणूस अंग वळवून मागे बघतो, त्या वळण्यात उजवा पाय नकळत सरकतो आणि ब्रेकऐवजी रेसवर पडतो. गाडी उसळते. मेंदूच्या मते पाय ब्रेकवर आहे, म्हणून माणूस अजून जोरात दाबतो. मागे कंपाउंडची भिंत असली तर नशीब. क्लचच्या गाडीत अशा वेळी घाबरून दोन्ही पाय दाबले जातात, निदान गाडी उसळत तरी नाही. ऑटोमॅटिकमध्ये ती पळवाट नाही.

म्हणून आम्ही मोकळ्या मैदानावर एकच गोष्ट घटवून घेतो. डावा पाय कडेच्या पायटेकणावर, तिथून हलायचा नाही. उजव्या पायाची टाच ब्रेकसमोर जमिनीला टेकलेली, रेससाठी फक्त चवडा तिरका करायचा. गिअर 'डी' (पुढे जायला) किंवा 'आर'मध्ये (मागे जायला) टाकण्याआधी तोंडाने "ब्रेक" म्हणायचं आणि पायाने खात्री करायची. पार्किंगमध्ये रेस द्यायचीच नाही. ब्रेक हलके सोडला की बहुतेक ऑटोमॅटिक गाड्या आपोआप रांगतात, तेवढा वेग पुरतो. अनपेक्षित उसळी बसली तर आधी पाय उचला, मग ब्रेक शोधा. वाचायला सोपं वाटतं, हाडात मुरायला वेळ लागतो. नवी गाडी पहिल्याच रविवारी सिंहगडाच्या घाटात नेऊ नका. हिल होल्ड, म्हणजे चढावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय, नसलेली एएमटी (साध्या गिअरबॉक्सवर यंत्राने क्लच-गिअर चालवणारी ऑटोमॅटिक) चढावर ब्रेक सोडल्यावर मागे घरंगळू शकते.

पायात काय आहे तेही बघा. सपाता, सैल सँडल आणि तळ गुळगुळीत झालेली कोल्हापुरी गाडीत नकोत. बूट सीटखाली ठेवू नका, ते ब्रेकखाली येतात.

औषधं

सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. झोपेच्या गोळीचा अंमल सकाळीही राहतो. प्रोस्टेटच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी उठल्यावर गरगरतं. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपकन उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर निघण्याआधी ग्लुकोमीटर लावा. आकडा ९० च्या खाली असेल तर आधी खा, साखर वर आल्याची खात्री करा, मगच निघा. ग्लुकोजच्या गोळ्या डिकीत ठेवू नका, हाताशी ठेवा. नवीन औषध सुरू होताना डॉक्टरांना "मी गाडी चालवतो" हे आपणहून सांगा. ते नेहमी विचारतीलच असं नाही.

रस्ता आणि वेळ

आपल्याकडे डाव्या बाजूने चालवायचं असल्यामुळे सगळ्यात अवघड पडतं ते सिग्नल नसलेलं उजवं वळण. समोरून येणाऱ्यांचा वेग जोखायचा, फट शोधायची, त्यात मागून हॉर्न. हे वळण टाळता येतं. पुढे जाऊन सिग्नलवर वळा, किंवा तीन डावी वळणं घेऊन फिरून या. पेट्रोल थोडं जास्त जाईल. जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता एकेरी झाले तेव्हा ज्येष्ठांनी कुरकुर केली, पण समोरून वाहनच येत नाही असा रस्ता त्यांनाच जास्त सोयीचा आहे. चांदणी चौकात २०२३ मध्ये नवा पूल झाल्यापासून फाटे इतके झालेत की भले भले चुकतात. चुकलात तर पुढे जा आणि फिरून या. रॅम्पवर थांबायचं नाही आणि रिव्हर्स तर अजिबात घ्यायचा नाही. कामं सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळात बसवा. रात्र आणि पाऊस एकत्र आले की गाडी घरी.

स्कूटरच्या बाबतीत आम्ही कडक आहोत. उभ्या स्कूटरवर दोन्ही पाय पूर्ण टेकत नसतील, किंवा ती स्टँडवर घेताना तोल जात असेल, तर चारचाकीपेक्षा आधी स्कूटर सोडा. बाजूची चाकं लावून घ्यायची असतील तर आरटीओची मंजुरी आणि नोंद लागते.

थांबायचं कधी

ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकली, ब्रेक-रेसची गल्लत पुन्हा झाली, फिट किंवा चक्कर येऊन शुद्ध हरपली, स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. यातलं काहीही असेल तर आम्ही तपासणी-फेरी घेत नाही, आधी डॉक्टरांकडे पाठवतो. गाडी लगेच विकायची घाई मात्र करू नका. तासावर ड्रायव्हर मिळतो. गाडी तुमची, वेळ तुमची, फक्त स्टिअरिंगवर दुसरा माणूस. वनाज ते रामवाडी मेट्रो आहे, स्टेशनवर लिफ्ट आहे. राज्यात एसटीने ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे आणि ६५ ते ७५ वयाला निम्मं तिकीट.

येताना

लायसन्स, गाडीचे कागद, सध्याचा चष्मा, औषधांची यादी. रोज जे पायात घालता तेच घालून या. मुलांनी मागच्या सीटवर बसू नये. मागून "बाबा, जपून" असं आलं की चांगला चालवणाराही चुकतो. त्यांच्याशी आम्ही नंतर बोलतो, तेही तुम्ही हो म्हणालात तरच. आम्ही कसलाही दाखला देत नाही, तो अधिकार डॉक्टरांचा आणि आरटीओचा.

आणि गाडी पॉलिश करून आणू नका, ओरखडे आम्हाला बघायचे असतात. डाव्या पुढच्या बंपरवर चरे असतील तर डाव्या बाजूचा अंदाज सुटलाय. डाव्या मागच्या दारावर असतील तर वळण लवकर कापलं जातंय. मागच्या बंपरचा मधला भाग चेपला असेल तर मान वळत नाहीये. पहिल्या दोन्हींवर सरावाने उतारा पडतो, तिसऱ्याला बऱ्याचदा नीट लावलेले आरसे आणि एक रिव्हर्स कॅमेरा पुरतो. फी काउंटरवर लावलेली आहे.